चारशे माणसांचा हात

आचाऱ्याच्या घरात अकरा वर्षं गॅस पेटायचा तो फक्त चहापुरता.

काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तो मुख्य आचारी होता. पहाटे पाचला हजर, दुपारी तीनला सुटका, आणि घरी परतताना दोन्ही हातांत एकेक मोठा डबा. एकात डाळ नाहीतर लाल रस्सा, दुसऱ्यात भात आणि भाजी, वर कागदात गुंडाळलेले पाव. चारशे माणसांच्या स्वयंपाकात चार माणसांचं उरतंच, आणि उरलेलं फेकायचं नाही असा मॅनेजरचाच हुकूम होता, तेव्हा लपूनछपून काही नेण्याचा प्रश्न नव्हता. रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे दुपारचे डबे त्यातच भागायचे.

"आमचा किराणा म्हणजे चहा, साखर आणि साबण," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. हे सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची. शेजारी बसलेली बायको काही बोलायची नाही. तिचं न बोलणं म्हणजे होकार, असं त्याने धरून ठेवलं होतं.

घरात चौघं. बायको पार्सल ऑफिसात काउंटरवर होती. दिवसभर खोकी तोलायची, पत्ते तपासायची, शिक्के मारायची. मुलगी पंधरा वर्षांची. लहानपणी मूठभर होती म्हणून तिला चिमणी म्हणायला लागले, आणि आता ती बापापेक्षा चार बोटं उंच झाली तरी नाव तेच चिकटलं होतं. चौथ्या सासूबाई, म्हणजे बायकोची आई. सहा वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर म्हणून आल्या होत्या. गुडघा बरा झाला, पण परत जायचा विषय त्यांनी काढला नाही आणि इतरांनीही नाही.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला बायकोच्या नाकातून रक्त आलं. समोर कुणाचं तरी पार्सल होतं, त्यावर चार थेंब पडले. तिने आधी पार्सल पुसलं, मग नाक. रक्त थांबेना तेव्हा शेजारच्या काउंटरवरची बाई तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून कारखान्यात फोन केला. आचारी अंगातला एप्रन तसाच ठेवून धावत आला.

डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी दोनदा रक्तदाब मोजला. दोन्ही वेळा वरचा आकडा एकशे नव्वदच्या आसपास.

"खाणं काय असतं घरी? बाहेरचं, पाकिटातलं?"

"छे," आचारी म्हणाला. बायकोने तोंड उघडायच्या आधीच त्याने उत्तर दिलं होतं. "बाहेरचं काही नाही. दोन्ही वेळचं माझ्या हातचं असतं. मी आचारी आहे, कारखान्याच्या कँटीनमध्ये. तिथलंच घरी येतं."

"अस्सं. मीठ किती घालता?"

"प्रमाणात."

"म्हणजे किती?"

मापाच्या बाबतीत आचारी आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. "एका वेळेला, सगळं मिळून, चारशे माणसांना साडेचार किलो. माझ्या उस्तादांनी लावून दिलेलं प्रमाण आहे."

डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला भागाकार मांडला. "माणशी अकरा ग्रॅम. दोन वेळचे बावीस. यांना दिवसभरात पाचच्या आत हवंय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं चाललंय हे?"

"अकरा," बायको म्हणाली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, मीठ तोडायला सांगितलं, महिन्याने या म्हणाल्या. जाताना आचाऱ्याचाही दाब मोजला. तो अगदी व्यवस्थित होता. दिवसभर चुलाण्यापुढे उभं राहून अंगातलं सगळं मीठ घामावाटे जात होतं. त्या आकड्याचीही त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून डबे बंद झाले.

डबे बंद झाले म्हणून जेवायची वेळ यायची थांबत नाही. बायको साडेपाचला घरी यायची ती पायातल्या चपला काढून भिंतीला टेकायची. गोळ्यांनी तिला गरगरायचं. आचारी तोपर्यंत दहा तास राबून, येऊन आडवा झालेला असायचा. मग चिमणी कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार पाकिटं आणायची. गरम पाण्यात घातली की झालं. कधी शेवया, कधी सूप, कधी गोठवलेलं काहीतरी. दहा-बारा दिवस असेच गेले. एका संध्याकाळी चिमणीने जेवता जेवता पाकिटाची मागची बाजू वाचून काढली.

"बाबा, एका पाकिटात साडेतीन ग्रॅम मीठ. आईने दोन खाल्ली."

बायकोने काटा खाली ठेवला आणि उरलेलं तसंच पुढे सरकवलं.

आणि महिन्याची वीस तारीख उजाडली तेव्हा दोघांच्या पगाराचं बूड दिसायला लागलं होतं. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाकिटं महाग होती, ती खाऊन पुन्हा दोन तासांनी भूक लागायची, आणि मग आणखी एक पाकीट फुटायचं.

त्या रविवारी आचारी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून बसला. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने सात रकाने आखले. कँटीनचा आठवड्याचा तक्ता तोच करायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता. चारशेंचं सगळं त्याला तोंडपाठ होतं. चारचं काढायचं म्हणजे शंभराने भागायचं, एवढंच. कांदे चाळीस किलो, म्हणजे चारशे ग्रॅम. अंडी चारशे, म्हणजे चार. सोमवारी कोबी, मंगळवारी घेवड्याचे दाणे, आदल्या दिवशी भिजवून, एकदाच उकडून दोन दिवस पुरवायचे. बुधवारी त्यातलेच उरलेले दाणे टोमॅटोत. गाजरं बाजार उठायच्या वेळी घ्यायची, तेव्हा ती निम्म्या भावात मिळतात. मीठ मोजून, आठ ग्रॅम, चौघांत.

"शंभराने भागून संसार होतो का हो, जावईबापू?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"बघू या, आई."

झाला नाही. सोमवारचा कोबी त्याने घरातल्या सगळ्यात लहान पातेल्यात घातला तरी तो तळाशी चोरासारखा अंग चोरून बसला. सवयीने गॅस मोठा केला, कांद्याकडे वळून परत बघेपर्यंत कोबी खालून काळा आणि वरून कच्चा. भाताचं पाणीही शंभराने भागून चालत नाही हे त्याला मंगळवारी कळलं. चारशे माणसांच्या पातेल्यात पदार्थ आपल्याच वाफेवर शिजत राहतो, चूक झाली तर पोटात घालतो. चार माणसांच्या पातेल्यात चुकीला लपायला जागाच नसते. आणि मिठासाठी हात आपोआप पुढे जायचा. मूठ भरायची, मग तो थांबायचा, मूठ परत डब्यात रिकामी करायची आणि वजनकाट्यावर आठ ग्रॅम तोलायचे. तोललेलं मीठ त्याला दिसायचंसुद्धा नाही.

"हे जेवण आहे की औषध?" सासूबाई म्हणाल्या.

"औषधच समजा, आई."

"मग चमच्याने द्या. ताटभर कशाला वाढता?"

चिमणीला गुरुवारपासून मैत्रिणीकडे अभ्यास निघाला, नेमका जेवायच्या वेळेला. दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंच्या उशीखाली खाऱ्या दाण्यांची पुडी सापडली. त्यांनी ती जावयाच्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा उशीखाली ठेवली. "मला कुणी बंदी केलेली नाही," म्हणाल्या. बायको मात्र पुढ्यात येईल ते निमूट खायची. चव कशी आहे हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

आचारी पार पिचून गेला. पहाटे चारला उठायचं, चारशे माणसांचं रांधायचं, साडेतीनला घरी यायचं आणि पिशवी खाली ठेवून चौघांचं रांधायला उभं राहायचं. पाय गुडघ्यापर्यंत सुजायचे. चारशेंच्या कामाला हाताखाली सहा माणसं होती. इथे सोलायला तोच, चिरायला तोच, खरवडायला तोच. दुसऱ्या दिवशीचे डबे भरून ठेवून आठला अंथरुणावर पडायचा तेव्हा अंगाला कांद्याचा वास तसाच असायचा. एवढं करून ताटात अर्धं उरायचं.

यातच त्याच्या डोक्यात दुसराच किडा शिरला होता. घरात मीठ तोडलं, पण तिकडे चारशे माणसांच्या पोटात तो रोज तेच साडेचार किलो घालत होता. त्यांच्याही घरी कुणी असेल, त्यांच्याही नाकातून एक दिवस रक्त येईल. वाढपाच्या खिडकीतून एकेक ताट पुढे सरकताना त्याला डॉक्टरांचा भागाकार दिसायला लागला. तिसऱ्या आठवड्यात, कुणाला न सांगता, त्याने मीठ तीन किलोवर आणलं.

पहिल्या दिवशी कुरबुर झाली. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आत आला. "काय चाललंय? जेवण पाणचट आहे म्हणतायत सगळे."

"तब्येतीला बरं असतं, साहेब."

"लोकांच्या तब्येतीचं लोक बघतील. तक्रार आली तर तुझ्या नावावर." तो गेला. आचाऱ्याने मीठ वाढवलं नाही.

गुरुवारी दुपारी भट्टीवरचा मुकादम पडला. हा वीस-बावीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी काम केलेला माणूस. ताज्या बाटल्या ज्या पट्ट्यावरून येतात तिथे उभा असताना त्याच्या पोटरीत गोळा आला, पाय गेला, आणि सावरायला म्हणून हात टेकला तो तापलेल्या लोखंडावर. मनगटापासून कोपरापर्यंत सोलवटलं. त्या आठवड्यात भट्टीवर आणखी दोघांच्या पायात गोळे आले होते, हे मग समजलं.

शुक्रवारी मुकादम हाताला पट्टी बांधून कँटीनच्या मागच्या दाराशी आला. रजेवर होता, मुद्दाम आला होता.

"उस्ताद, मीठ कमी केलंत का?"

"केलं," आचारी म्हणाला. हातातला झारा त्याने बाजूला ठेवला.

"वाटलंच." मुकादम पायरीवर बसला. "तुमच्या आधीच्या उस्तादांनी हे प्रमाण कसं लावलं, ठाऊक आहे? माझा बाप होता तेव्हा भट्टीवर. पाळी सुटली की सगळ्यांचे बनियन पाठीवर पांढरे पडलेले असायचे, मिठाने. रोज कुणाला ना कुणाला गोळे यायचे. तेव्हा तुमचे उस्ताद आठ दिवस भट्टीवर येऊन उभे राहिले होते. मग ठरवलं त्यांनी."

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत," मुकादम म्हणाला. आवाजात राग नव्हता. "कमी करायच्या आधी तरी विचारायचं."

आचाऱ्याने मुकादमाला चहा दिला. डाव्या हाताने कप धरून तो प्यायला आणि गेला.

त्या दिवशी घरी आल्यावर आचाऱ्याने पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आणि तिच्याशेजारी फरशीवर बसला. तक्त्यात शुक्रवारच्या रकान्यात कोबी होता. कोबी पिशवीतून बाहेर घरंगळला आणि टेबलाच्या पायाशी जाऊन थांबला. उठून तो घ्यावा एवढंही त्याच्यात बळ नव्हतं. सासूबाईंनी बाहेरून दोनदा हाक मारली. त्याने ओ दिली नाही.

बायको आली तेव्हाही तो तसाच बसलेला होता. तिने आत डोकावलं, पर्स खुंटीला लावली आणि स्टुलावर टेकली.

"बरं नाही का वाटत?"

"बरा आहे." मग थोड्या वेळाने त्याने मुकादमाचं सगळं सांगितलं. "तिकडे कमी घालून माणूस भाजला. इकडे जास्त घालून तुला आजारी पाडलं. अकरा वर्षं. मी माझ्या हाताने वाढत होतो, आणि वर मिरवत होतो."

बायकोने स्टूल त्याच्याजवळ ओढलं.

"आमच्या घरात आहे हा आजार," ती म्हणाली. "आईला आहे, तिच्या बापाला होता. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका." मग तिने तळहाताने डोळे चोळले. "पण एक सांगू? मुकादम म्हणाला ना, विचारलं नाहीत. मलाही कुठे विचारलंत कधी?"

"काय?"

"काय खायचंय ते. तो लाल रस्सा मला कधीच आवडला नाही. पहिल्या दिवसापासून."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "अकरा वर्षं खाल्लास."

"खाल्ला. तुम्ही दोन हातांत डबे घेऊन घामाघूम होऊन दारात उभे राहायचात. त्यावर काय बोलणार? आणि मला सोयच होती. कामावरून आल्यावर मलाही गॅसपुढे उभं राहणं नकोच असायचं. तेव्हा तुमच्या एकट्याच्या माथी मारून मी नामानिराळी होत नाही." तिने पायातल्या चपला काढल्या. "पण आता पुन्हा तेच चाललंय. शंभराने भागलेलं, एवढाच फरक. तुम्हीच ठरवता, तुम्हीच करता, तुम्हीच थकता, आणि आम्ही ताटं पुढे ओढून बसतो."

"मग तुला काय आवडतं?"

इतक्या वर्षांत तिचं तिलाही विसरायला झालं होतं. तिने वाकून टेबलाखालचा कोबी उचलला, धुतला, विळी न शोधता त्याच्याच सुरीने पातळ चिरायला बसली. "लग्नाआधी मी करायची. कडा करपेपर्यंत परतलेला. उठा जरा, तवा द्या."

त्याने तवा दिला आणि सवयीने गॅसचं बटण पूर्ण फिरवलं.

"एवढ्याशा कोबीला एवढा जाळ कशाला?" तिने बटण मागे आणलं. "तुमची भट्टी नाही ही."

ती स्टुलावर बसूनच परतत होती, कारण उभं राहिलं की तिला गरगरायचं. तेल चमचाभर. कोबी पसरून टाकला आणि ढवळला नाही, तसाच सोडून दिला. आचाऱ्याचा हात दोनदा झाऱ्याकडे गेला, दोनदा तिने नुसतं पाहिलं. कडा तपकिरी व्हायला लागल्यावर तिने उलटला, भरपूर मिरी कुटून घातली, लसूण घातला, आणि उतरवल्यावर वरून लिंबू पिळलं. मीठ चिमटीत घेतलं आणि सगळ्यात शेवटी वरून भुरभुरवलं.

"हे आठ ग्रॅम नाहीत," तो म्हणाला.

"दोनही नसतील. वर घातलं की जिभेला आधी लागतं."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चारशे माणसांच्या ताटांवर वरून मीठ भुरभुरवत कोण बसणार?

वास सुटला तशी चिमणी पुस्तक हातात घेऊन दारात आली. त्या दिवशी मैत्रिणीकडे अभ्यास नव्हता म्हणे. चौघांनी कोबी आणि पाव खाल्ला, आणि कमी पडला म्हणून आणखी चार अंडी उकडली. सासूबाई म्हणाल्या, "दाताखाली येतंय काहीतरी, बरं आहे." त्यांना दात सात होते.

रविवारी कॅलेंडरचं दुसरं पान निघालं. या वेळी चौघं टेबलाभोवती बसले, आणि बसवलं ते बायकोने. आधी प्रत्येकाने आपल्याला खरंच काय खावंसं वाटतं ते सांगायचं ठरलं. चिमणीने अशी काही यादी दिली की बापाने पेनच मिटलं. मग घासाघीस होऊन त्यातला भाजलेला बटाटा आणि आंबट दही राहिलं. सासूबाईंना लहानपणची मसुराची पातळ डाळ हवी होती, भरपूर लसूण घातलेली. आचाऱ्याला काहीच सांगता येईना. दिवसभर अन्नाच्या वासात उभं राहिल्यावर त्याला खरं तर कशाचीच भूक नसायची. शेवटी म्हणाला, "मला दुसऱ्या कुणीतरी केलेलं चालेल. काहीही." मग चिमणीने बुधवारच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

दोन वार त्याचे, दोन बायकोचे. शनिवारी सासूबाई खुर्चीतून हुकूम सोडायच्या आणि हाताशी असेल त्याने ते पाळायचे. एक दिवस उरलंसुरलं संपवायचं. बाजार शुक्रवारी उठायच्या वेळेला, बायकोने, कारण पार्सल ऑफिस वाटेवरच होतं.

कँटीनमध्येही त्याने एक गोष्ट केली. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत तो भट्टीवर जाऊन उभा राहिला. दहाव्या मिनिटाला त्याचा शर्ट अंगाला चिकटायचा. मग तिथून पॅकिंगच्या हॉलमध्ये जायचा. तिथल्या बायका पंख्याखाली बसून बाटल्या खोक्यांत भरत, अगदी त्याच्या बायकोसारख्या. त्याने पातेल्यातलं मीठ तीन किलोवरच ठेवलं, पण भट्टीवाल्यांच्या टेबलांवर मिठाच्या वाट्या आणि मीठ-लिंबाच्या पाण्याचे जग ठेवले.

"वाट्या धुवायच्या कुणी?" मॅनेजरने विचारलं.

"मी धुतो."

तेही काम अंगावर आलं. पॅकिंगच्या बायका उठून भट्टीवाल्यांच्या टेबलावरून मीठ आणायच्या आणि आपल्या ताटात मनसोक्त घालायच्या. आचाऱ्याने दोघी-तिघींना सांगून पाहिलं. एक म्हणाली, "उस्ताद, घरी नवरा बोलतो, इथे साहेब बोलतो, आता मिठावरून तुम्ही बोला." त्यानंतर त्याने सांगणं सोडलं. मुकादम परत कामावर आला, हातावर गुलाबी कातडी घेऊन. वाटीतलं मीठ घेताना तो आचाऱ्याकडे बघून मान हलवायचा, एवढंच.

घरातला तक्ता काही सुतासारखा सरळ चालला नाही. दाणे भिजवायला विसरायचं. बायकोचा वार असेल त्याच दिवशी पार्सलांचा ढीग लागायचा. एकदा चिमणीने तासभर खपून केलेलं सगळं सांडलं आणि ती न्हाणीघरात जाऊन रडली; त्या दिवशी पाव आणि काकडी. चार महिन्यांत पाकिटं मात्र सात-आठ वेळाच फुटली. आणि वीस तारखेला पगाराचं बूड दिसायचं थांबलं. डब्यांच्या काळाइतकं स्वस्त पडत नव्हतं, ते पडणारही नव्हतं, पण चिमणीला लांबचं नीट दिसत नाही हे वर्षभर टाळलेलं दुखणं मार्गी लागलं आणि तिचा चष्मा झाला.

चौथ्या महिन्यात पुन्हा तपासणी. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. एकशे बावन्न.

"उतरलंय," त्या म्हणाल्या. "गोळी चालू ठेवा. असंच करत राहा."

"अजून गोळी?" बायको म्हणाली.

"अजून."

बाहेर आल्यावर दोघं दवाखान्यासमोरच्या बाकावर बसले. आचाऱ्याला बसायचंच होतं. पाय भरून आले होते. एकशे नव्वदातून एकशे बावन्न वजा करून त्याने तोंडातल्या तोंडात अडतीसचा आकडा दोनदा म्हटला.

"मला वाटलं होतं, गोळी सुटेल," बायको म्हणाली. "एवढं सगळं करून."

"हो."

"तुम्हाला नाही वाटलं?"

"वाटलं होतं." तो बुटाच्या टोकाकडे बघत होता. "अकरा वर्षांचं आहे. चार महिन्यांत कसं जाईल? अर्धं तरी गेलंय का, कोण जाणे."

"आणि जन्मभर हे असंच? रविवारी बसा, रकाने भरा?"

"बहुतेक."

ती हसली, पण ते हसणं चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. समोरून बस गेली. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या बुडाला सुरीचा घट्टा होता, तो तिने बोटाने जरा दाबून पाहिला, जसा काही पहिल्यांदाच दिसत होता. मग उठली. "चला. बुधवार आहे."

घरी पोचले तेव्हा चिमणी नव्या चष्म्यावर वाफ घेऊन पातेल्यावर वाकली होती. मसुराची डाळ होती, आजीकडून शिकलेली. पाणी जास्त झालं होतं. आचाऱ्याला ते दारातूनच कळलं. पळीतून पडतानाच्या आवाजावरून कळतं. तो हातपाय धुऊन येऊन बसला. तिने त्याच्यापुढे वाटी ठेवली, लिंबाची फोड ठेवली, पाव ठेवला.

"किती आलं?" सासूबाईंनी विचारलं.

"एकशे बावन्न," बायको म्हणाली.

"माझं तर एकशे साठ आहे, आणि मी अजून बसलेय." त्यांनी डाळीत पाव बुडवला. "लसूण कमी पडलाय, चिमणे."

"पुढच्या बुधवारी जास्त घालीन."

आचारी जेवत होता. डाळ पातळ होती, पण गरम होती आणि त्याला ती करावी लागली नव्हती. अर्धी वाटी झाली तेव्हा त्याचे डोळे मिटायला लागले. चमचा हातात तसाच राहिला. बायकोने तो हळूच काढून घेतला.

"उद्या कुणाचा वार?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"तुमचा," ती म्हणाली. "दाणे भिजत घातलेत मी. तुम्ही आधी जेवा."

त्याने डोळे उघडले, वाटी जवळ ओढली आणि उरलेली डाळ संपवायला लागला.